आगोटीच्या बरणीत नेमके काय टिकते?

मे महिना निम्मा सरला की बोर्ली पंचतनच्या बाजाराचा वास बदलतो. एरवी भाजीपाला आणि ताज्या मासळीचा असलेला हा वास सुकट, सोडे, वाकट्या, सुके बोंबील, लाल मिरची आणि नव्या हळदीचा होतो. दिवेआगर, वेळास, आदगावकडची माणसे पिशव्या भरभरून खरेदी करतात. अंगणात आमसुलांना आगळाची पुटे चढत असतात, गच्चीवर आंबापोळी आणि फणसपोळी वाळत असते, पडवीत वाल, चिंच, आंबोशी, कांद्याच्या माळा. रायगडच्या किनाऱ्यावर याला ‘आगोट’ म्हणतात. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी.

ही बेगमी हौसेची नव्हती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पूर्वी खाडीतली वाहतूक थांबे, रस्ते तुटत, बाजार ओस पडे. आज दिघीहून आगरदांड्याला वाहने नेणारी फेरीबोट आहे, किराणा मालाची दुकाने बारा महिने उघडी असतात, तरी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ताजी मासळी दुर्मीळ होते. त्यामुळे आगोट अजून टिकून आहे.

तिच्या जोडीला एक दुसरी, फारशी न बोलली जाणारी बेगमीही अनेक घरांत होते. ती असते वाचनाची. वाचनालयातून आणलेली पुस्तके, दिवाळीपासून न उघडलेले दिवाळी अंक, आणि दर पावसाळ्यात पुन्हा हातात घ्यावीशी वाटणारी दोन-चार आवडती पुस्तके. शेतीची लावणी संपलेली, बागेत जाता येत नाही, बाहेर पागोळ्या. अशा दुपारी ‘ऋतुचक्र’ किंवा पिढ्यान्‌पिढ्या हळदीचे डाग मिरवणारी ‘रुचिरा’ची जुनी प्रत घेऊन बसण्याइतके सुख थोडेच असते. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक १९७० साली आले आणि अनेक घरांत ते कादंबरीसारखे वाचले गेले.

गेल्या काही वर्षांत या आगोटीत दोन नव्या गोष्टी आल्या. एक फ्रीझर आणि दुसरी घरीच भरून, उकळून बंद केलेल्या काचेच्या बाटल्या. आंब्याचा रस, ओले काजूगर, खोवलेला नारळ, सोललेली कोळंबी, उकडीचे मोदकसुद्धा फ्रीझरमध्ये जातात. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून फणसाचे गरे, भाज्या, चटण्या, लसूण-तेल बाटल्यांत भरले जाते. मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी खोकी तयार होतात. हौस चांगली आहे. पण जुन्या बरण्यांमागचे शास्त्र पिढ्यांच्या अनुभवाने पारखलेले होते; नव्या बाटल्यांचे तसे नाही. हा फरक कळला नाही तर त्याची किंमत पोटदुखीपुरती राहत नाही.

अन्न टिकते म्हणजे त्यातले सूक्ष्मजीव वाढत नाहीत. ते वाढायला त्यांना पाणी लागते. मात्र पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी जंतूंना वापरता येते हे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. या मोकळ्या पाण्याच्या मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचे माप १ धरले तर ताज्या मासळीचे ०.९९ च्या आसपास येते. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत. पूतिजनक स्टॅफिलोकॉकस हा चिवट, तोही ०.८५ च्या खाली विष तयार करू शकत नाही. बुरशी मात्र ०.७ पर्यंत आणि काही जाती त्याहूनही खाली तग धरतात. मीठ आणि साखर पाणी धरून ठेवतात, ऊन ते उडवून टाकते. मुरंब्यात, मिठातल्या कैरीत, कडक वाळलेल्या बोंबलात जंतूंना प्यायला पाणीच उरत नाही.

हेच माप हवेलाही लागू पडते, आणि इथे कोकणची अडचण सुरू होते. बंद डब्यातला पापड आतल्या हवेशी समतोल साधतो. उघडा पापड बाहेरच्या हवेशी. जुलैत किनाऱ्यावरच्या हवेची आर्द्रता ८५-९० टक्के असते. म्हणजे डबा उघडा राहिला तर पापडाचे माप हळूहळू ०.८५ कडे सरकते. बुरशीला एवढे पुष्कळ झाले. मेमध्ये कितीही कडक वाळवलेली वस्तू जुलैत झाकण सैल राहिल्याने नासते ती यामुळे. ओला चमचा बरणीत घालू नये, या आजीच्या सक्त ताकिदीतही हेच गणित होते.

बुरशीबाबत एक चुकीची समजूत घट्ट आहे. पापडावर, शेंगदाण्यावर, मिरचीवर हिरवट-काळी बुरशी दिसली की ती पुसून, पुन्हा ऊन दाखवून वस्तू वापरली जाते. बुरशी मरते, तिने सोडलेले विष राहते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. यकृताच्या तीव्र आजाराने ३९७ जण आजारी पडले आणि १०६ जणांचा मृत्यू झाला. त्यामागे अ‍ॅफ्लाटॉक्सिन होते. शिजवून, धुऊन, भाजून ते पुरेसे जात नाही. थोडे थोडे पोटात गेल्यास वर्षांनंतर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हा बुरशी धरलेले वाल, शेंगदाणे किंवा मिरची कितीही महाग असली तरी टाकून द्यावी. कोंबड्यांनाही घालू नये, त्यांच्याही यकृतावर परिणाम होतो.

सुक्या मासळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. बोंबील, जवळा यांना बहुधा मीठ न लावता उन्हात वाळवतात. बांगडा मात्र खारवतात. वाळवल्यावर ती टिकते, पण वाळवण्यापूर्वीच्या तासांत काय झाले याचा हिशेब आत उरतो. बांगडा, तारली, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा पकडल्यावर बर्फाविना उन्हात पडून राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामीन बनवतात. मग तो कितीही खारवा, वाळवा, तळा. हिस्टामीन जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, छातीत धडधडते. रुग्ण म्हणतो, ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी झाली’, आणि आयुष्यभर मासळी सोडतो. पुष्कळदा तो दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. कोळंबीपासून केलेले सोडे आणि जवळा यांची अ‍ॅलर्जी मात्र खरी आणि कधी कधी गंभीर असू शकते. दर वेळी ओठ सुजत असतील, दम लागत असेल तर तपासून घ्यावे. सुकी मासळी शक्यतो ओट्यावर किंवा बांबूच्या मांडवावर वाळवलेली घ्यावी. वाळूत पसरलेल्या मासळीबरोबर माश्या आणि किनाऱ्यावरची घाणही घरी येते.

सुकी मासळी स्वस्त आणि सकस आहे यात शंका नाही. पाणी गेल्यामुळे तिच्यातील प्रथिनांचे प्रमाण ताज्या मासळीच्या कित्येक पट होते, आणि जवळा तर सालीसकट खाल्ला जात असल्याने कॅल्शियमही मिळते. पावसाळ्यात ताज्या मासळीविना राहणाऱ्या घराला तिचा मोठा आधार असतो. प्रश्न मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ खावे. खारा बांगडा, लोणचे, पापड आणि आगळाची कढी एकाच ताटात आली की ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. रक्तदाबाचे, हृदयविकाराचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण पावसाळ्यात पाय सुजून, दम लागून दवाखान्यात येतात तेव्हा जेवणात काय होते हे विचारले की अनेकदा आगोटच बाहेर येते.

यावर सुनांनी आणि मुलींनी एक उपाय शोधला आहे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले म्हणून त्या लोणच्यातच मीठ कमी घालतात. हेतू चांगला, जागा चुकीची. लोणच्यातले मीठ चवीपुरते नसते, ते त्याचे पहारेकरी असते. कैरीच्या आंबटपणाबरोबर भरपूर मीठ असते म्हणून ते वर्षभर फळीवर राहते. मीठ निम्मे केले तर ते लोणचे फळीवरचे राहत नाही, फ्रीजमधले होते आणि काही आठवड्यांत संपवावे लागते. बरणीतले मीठ तसेच ठेवून पानातली फोड लहान करणे हा सोपा मार्ग. खारी मासळी दोन-तीन पाण्यांत भिजवून, ते पाणी फेकून, कालवणात वेगळे मीठ न घालता शिजवावी. आगळाऐवजी आमसूल भिजवून घेतले तर कढीतले मीठ आपल्या हातात राहते.

आता बाटल्यांकडे वळू. अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून उकळत्या पाण्यात ठेवायचे ही कल्पना निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याची. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्यासाठी त्याला १२ हजार फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते हे अपेरला माहीत नव्हते. जंतूंचा उलगडा लुई पाश्चरने पुढे अर्ध्या शतकानंतर केला. त्याच काळात जर्मनीतील व्युर्टेम्बर्गमध्ये यूस्टिनुस केर्नर नावाचा एक सरकारी डॉक्टर होता. कवी म्हणून त्याचे नाव आजही जर्मन साहित्यात घेतले जाते. सॉसेज खाऊन माणसे लुळी पडून मरतात हे पाहून त्याने १८२० आणि १८२२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले, इतकेच नव्हे तर त्या विषाचा अर्क स्वतः चाखून पाहिला. विष हवा न लागणाऱ्या भागात तयार होते हे त्याने ओळखले होते. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले, त्यातले तिघे दगावले, आणि एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांनी त्या मांसातून जंतू शोधून काढला. सॉसेजसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून या आजाराला बोट्युलिझम हे नाव पडले.

हा जंतू मातीत सर्वत्र असतो आणि हवेत निरुपद्रवी राहतो. त्याची बीजे मात्र १०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास उकळूनही मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखाली १२१ अंशांची उष्णता ठरावीक वेळ द्यावी लागते. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात तेच होते. घरी उकळलेल्या बाटलीत बाकीचे जंतू मरतात, हवा निघून जाते, झाकण घट्ट बसते आणि मागे उरलेल्या बीजांना हवे तसे हवाबंद घर मिळते. प्रेशर कुकरच्या तीन-चार शिट्ट्यांनी हे काम झाले असे धरून चालता येत नाही. बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता किती पोहोचली हे कळत नाही आणि घरचा कुकर फार लवकर गार होतो.

या जंतूची एक दुखरी नस आहे. आंबटपणाचे माप असलेला पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर तो वाढू शकत नाही. कोकम, चिंच, कैरी, लिंबू, आवळा यांच्या बाटल्या म्हणून सुरक्षित. आपल्या आगोटीतले जवळजवळ सगळे ओले पदार्थ आंबट तरी आहेत किंवा खारट-गोड तरी. हा योगायोग नव्हे. जे आंबट-खारट नव्हते ते ओले साठवण्याचा नाद पूर्वजांनी केलाच नाही, ते वाळवले. फणसाचे गरे, वाल, मका, मटार, भेंडी, नारळाची चटणी, मासळीचे कालवण यांत आंबटपणा पुरेसा नसतो. ते घरी बाटलीत भरून फळीवर ठेवू नयेत, कोणताही व्हिडिओ काहीही सांगो. हापूसच्या रसाबाबत सावध राहायला हवे. कैरी आंबट असते, पण आंबा पूर्ण पिकत जातो तसा त्याचा आंबटपणा उतरतो आणि पीएच ४.६ च्या जवळ किंवा वर जाऊ शकतो. म्हणून रस बाटलीत भरताना मोजून सायट्रिक अ‍ॅसिड घालण्याची पद्धत आहे. ती केवळ रंगासाठी नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१५ मध्ये एका चर्चच्या सहभोजनात २९ जणांना बोट्युलिझम झाला, एका महिलेचा मृत्यू झाला. कारण निघाले बटाट्याच्या सॅलडमधले बटाटे. ते कुणीतरी घरी बाटलीत भरून उकळत्या पाण्यात बंद केले होते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ३६ जण आजारी पडले. तेथे तेलात ठेवलेला बारीक चिरलेला लसूण निमित्त झाला. तेलाने हवा अडवली आणि आंबटपणा नव्हता. लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि मीठ असते तोवर ठीक. नुसते लसूण-तेल मात्र फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे. भारतात हा आजार क्वचितच नोंदला जातो. पण १९९६ मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि त्यांतील तिघे दगावले तेव्हा याच विषाचा संशय आला. संशयाची सुई शेवेकडे वळली होती.

लक्षणे ओळखून ठेवावीत, कारण ती पोटाची नसतात. दूषित अन्न खाल्ल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होऊन खाली येतात, तोंड कोरडे पडते, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. अशक्तपणा वरून खाली उतरत जातो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते. म्हणून कधी ते लकव्यात खपते. कधी ‘दारू प्यायला असेल’ म्हणून माणसाला तसेच झोपवून ठेवतात. अशा वेळी घरी थांबू नये. श्वसनयंत्राची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि उरलेली बाटली फेकून न देता सोबत न्यावी. वास, रंग, चव यांवर विसंबता येत नाही, आणि चव घेऊन पाहणे हे तर सर्वांत वाईट. झाकण फुगले, उघडताना फस्सकन वायू आला, तर चमचा न लावता विल्हेवाट लावावी. एक दिलासा असा की बीजे चिवट असली तरी विष स्वतः उष्णतेला नाजूक असते. दहा मिनिटे खळखळून उकळल्यास ते नष्ट होते. पण शंका असलेली बाटली उकळून खाण्यासाठी हा सल्ला नव्हे.

राहिला फ्रीझर. त्याच्याविषयी या किनाऱ्याने ३ जून २०२० रोजी जे शिकवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतके स्पष्ट लिहिलेले नसेल. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेकडून किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब वाकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड तालुक्यांतील कित्येक गावांत वीज यायला अनेक आठवडे लागले. टाळेबंदीचा काळ, बाजार बंद, रस्त्यावर झाडे. फ्रीझरमधला माल पहिल्या दोन दिवसांतच सुटला. पत्रे उडालेल्या घरांत डबे भिजले, तेही गेले. ज्या बरण्या शाबूत राहिल्या त्यांतले लोणचे, आगळ, आमसुले, चिंच मात्र वीज असो-नसो तशीच होती.

थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात. उणे १८ अंशांना ते थांबतात आणि अन्न सुटू लागले की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करतात. वीज गेली तर गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास, आणि फ्रीजचा खालचा कप्पा जेमतेम ४ तास. आत काय उरले आहे हे पाहण्याच्या उत्सुकतेने दार उघडणे हा या हिशेबाचा मोठा शत्रू. एक साधी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणे ठेवून ती वाटी फ्रीझरमध्ये ठेवावी. मुंबईहून महिन्याने गावच्या घरी आल्यावर नाणे तळाशी दिसले तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि मासळी, कोळंबी, खोबरे टाकून द्यावे. वीज परत आली म्हणून अन्न परत चांगले होत नाही. वितळलेल्या पाकिटात बर्फाचे खडे शिल्लक असतील आणि ते हाताला थंडगार लागत असेल तर लगेच शिजवून त्याच दिवशी संपवता येते.

म्हणून किनाऱ्यावरच्या घराने फ्रीझर जरूर वापरावा, पण त्याला आगोटीची जागा देऊ नये. जेवढे गेले तरी चालेल तेवढेच त्यात ठेवावे. लहान, चपट्या पाकिटांत भरावे म्हणजे लवकर गोठते. हळू गोठले की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात आणि आंब्याच्या फोडी सुटल्यावर लिबलिबीत होतात. प्रत्येक पाकिटावर तारीख लिहावी. आणि फ्रीजमध्ये इन्शुलिन असेल तर ते कधीही बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये, गोठलेले इन्शुलिन वाया गेले असे समजावे. वीज नसताना वापरातली बाटली ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत जाणार नाही अशी कोरडी ठेवावी. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट यांच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मेअखेर घरात असाव्यात. सुकटीची आगोट विसरली तर कालवण बिघडते, गोळ्यांची विसरली तर अर्धांगवायू होतो.

आता पुस्तके. वर सांगितलेला आर्द्रतेचा नियम कागदालाही लागू आहे. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की कागद, डिंक आणि कापडी बांधणी यांवर बुरशी धरते. पावसाळ्यात जुने कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास हा त्या बुरशीचाच. दम्याच्या रुग्णाला तेवढ्याने खोकला आणि धाप सुरू होऊ शकते. अशी पुस्तके घरात झटकू नयेत. नाकाला फडके बांधून बाहेर, कोरड्या दिवशी पुसावीत. मेमध्ये पापडांबरोबर पुस्तकांनाही ऊन दाखवायची पद्धत चांगली, मात्र थेट कडक उन्हात कागद पिवळा पडून तुकडे पडू लागतात. पडवीत, वाऱ्यावर उघडी करून ठेवणे अधिक बरे. कपाट ओल आलेल्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि आत पुस्तके दाटीवाटीने कोंबू नयेत.

कसर लागू नये म्हणून त्याच कपाटात डांबरगोळ्या टाकल्या जातात, आणि लहान घरात त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर पापड-फेण्यांचे डबे असतात किंवा बाळाची दुपटी. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या बाळांत तिच्या नुसत्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. शिवाय लहान मुले ती गोळी लिमलेट समजून तोंडात टाकतात. अन्न आणि बाळाचे कपडे यांच्या जवळपास ती नसावी. कडुलिंबाचा सुकवलेला पाला आणि बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या पुस्तकांना पुरतात.

वाचनाने प्रकृतीला काही होते का, असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ जणांचा १२ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुस्तके वाचणाऱ्यांमधील मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी आढळला. वर्तमानपत्रे-मासिके वाचणाऱ्यांमध्ये फायदा दिसला, पण कमी. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या २००३ सालच्या अभ्यासात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. अशा अभ्यासांतून पुस्तकामुळेच आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही. ज्यांची नजर, बुद्धी, पैसा शाबूत ते जास्त वाचतात आणि जास्त जगतात, हेही खरे असू शकते. पण मुले चाकरमानी, घरात दोघेच वृद्ध किंवा एकटी आजी, आणि चार महिने अंगणाबाहेर पाऊल नाही, ही इथल्या असंख्य घरांची स्थिती आहे. तिथे रोज दोन पाने वाचणे आणि त्यावर कुणाशी बोलणे याला औषधाच्या चिठ्ठीत जागा द्यायला हरकत नाही.

अडते ते नजरेपाशी. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते आणि कित्येक जण चष्म्याचा नंबर न बदलता वाचनच सोडून देतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थंडीतच करावी, पावसाळ्यात डोळा पिकतो, ही समजूत जुन्या काळातली आहे. आजची शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत होते आणि सरकारी रुग्णालयांत मोफत होते. मंद उजेडात वाचून डोळे जात नाहीत, फक्त थकतात. कंदिलापेक्षा चार्जिंगचा छोटा दिवा बरा, तो पुस्तकाच्या डाव्या-मागच्या बाजूने यावा.

नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा दर्यात जातात, बाजारात ताजी मासळी येते आणि सुकटीचा डबा मागे सरतो. त्याच वेळी एकदा सगळे डबे उघडून पाहावेत. वास बदललेले, चिकट झालेले, जाळी धरलेले काढून टाकावे. उरलेल्या मासळीला आणि पुस्तकांना ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात बाहेर काढावे. एकाच चटईवर मात्र नको; सोड्याचा वास कागदाला लागला की वर्षभर जात नाही.